बाईंचा हिवाळा

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. म्हणजे बाईंविषयी बोलत नव्हतो असं नाही. उलट कोपरीतल्या आमच्या इमारतीतली जुनी मंडळी लग्नाकार्यात भेटली की बाईंचे किस्से मीच सांगायचो, नकलांसकट. आइस्क्रीमचा फ्रीझर हमालांनी जिन्यातून कसा चढवला, बाई मासळी बाजारात नुसता बर्फ कशा मागायच्या, सगळं. लोक पोट धरून हसायचे. मग गोष्ट एका ठरावीक जागी आली की मी घड्याळ बघायचो आणि म्हणायचो, "चला, पंगत बसली वाटतं."

गेल्या महिन्यात इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप आला. 'आपल्या बिल्डिंगमधल्या डेंग्यूबाई काल वारल्या. भावपूर्ण श्रद्धांजली.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. टाकणाऱ्या मुलाच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याने लहानपणापासून हेच नाव ऐकलेलं. मी फोन पालथा ठेवला. ते नाव बाईंचं नव्हतं. कोणाला द्यायला हवं होतं ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि ते मी सांगणार आहे. पण आधी बाई कशा होत्या ते सांगतो. एवढ्याशा नावात मावण्याइतक्या त्या लहान नव्हत्या.

बाई भूगोल शिकवायच्या. ठाण्यातल्या एका शाळेत त्यांची सगळी नोकरी झाली. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "माझी ट्रंक एका माणसापुरतीच आहे." त्या ट्रंकेने शाळेच्या सहलीपलीकडे काही पाहिलं नव्हतं हे वेगळं.

डावं-उजवं हे शब्द त्यांनी कधी वापरले नाहीत. भाजीवाल्याला सांगायच्या, "त्या नैर्ऋत्येच्या ढिगातली मेथी दे." तो बिचारा महिन्याभरात शिकला. एका रिक्षावाल्याला "पुढे वायव्येला वळव" म्हणाल्या तेव्हा त्याने रिक्षा बाजूला घेऊन विचारलं, "मावशी, ते नवीन कॉम्प्लेक्स आहे का?" मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो. वार्षिक सभेत त्या मला सुनवायच्या, "सेक्रेटरी, पूर्वेकडून फार आवाज येतोय, जरा पश्चिमेलाही बोलू द्या." चौथ्या मजल्यावर एक जोडपं होतं, त्यांची भांडणं गच्चीपर्यंत ऐकू जायची. बाई जिन्यात गाठून गंभीर चेहऱ्याने सांगायच्या, "वर कमी दाबाचा पट्टा तयार झालाय. गच्चीवर जायचं तर आत्ताच जाऊन या."

त्या हसायच्या नाहीत. आपण हसलो की आपल्याकडे असं बघायच्या, जणू आपल्याला नकाशावर दिल्ली सापडली नाही.

निवृत्त झाल्यावर त्या एका महिला मंडळाबरोबर हिमाचलला गेल्या. कारण मला जिन्यातच सांगितलं होतं. "जन्मभर मी मुलांना टुंड्रा शिकवला, सेक्रेटरी. आणि मला स्वतःला कधी धड थंडी वाजलेली नाही. हा खोटेपणा झाला."

तिथे बाकीच्या बायका शाली बघायला गेल्या आणि बाई एकट्याच गावाबाहेर निघाल्या. वर बर्फ वितळत होता, त्याचं पाणी खालच्या कुरणात पसरून चिखल झाला होता. हिरवळ समजून बाईंनी पाय टाकला आणि गुडघ्यापर्यंत रुतल्या. पाय निघाला, बूट आत राहिला. बूट शोधायला त्या वाकल्या तेव्हा नाकासमोर ती झाडं दिसली. गोल, चकचकीत पानं आणि पिवळीधमक फुलं. पाण्यात पाय सोडून बसलेली. बूट मिळाला नाही. बाई एका पायात बूट आणि एका पायात चिखल अशा मुक्कामाच्या घरी परतल्या आणि घरमालकिणीला म्हणाल्या, मला ते झाड हवं. मालकीण म्हणाली, "ले जाओ मास्टरनीजी, उसे तो हमारी गाय भी नहीं खाती."

त्या झाडाचा मुळांसकट गड्डा ओल्या शेवाळात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात घालून बाईंनी ठाण्याला आणला. वाटेत प्रत्येक मोठ्या स्टेशनवर गार पाण्याची बाटली घेतली आणि डब्यात ओतली. स्वतः प्यायल्या नाहीत, कोणाला दिली नाही. मंडळाच्या बायका त्यानंतर त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या.

त्या झाडाचं लॅटिन नाव बाईंना पाठ होतं, पण त्या ते घ्यायच्या नाहीत. "मराठीत हिला नाव नाही. आपल्याकडे ती कधी आलीच नाही, तर नाव कोण ठेवणार?" त्या तिला पाहुणी म्हणायच्या.

पाहुणी आधी त्यांच्या घरच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी राहिली. मग एका दुपारी दारात टेम्पो आला. डोंबिवलीतलं कुठलंसं आइस्क्रीमचं दुकान बंद झालं होतं, तिथला काचेच्या झाकणाचा लांबलचक फ्रीझर बाईंनी घेतला होता. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. हमाल प्रत्येक वळणावर बाईंच्या कुळाचा उद्धार करत तो तिसऱ्या मजल्यावर चढवत होते. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. दार उघडून बाहेर आलो.

"बाई, हे काय?"

"हिवाळा," बाई म्हणाल्या. "आणलाय."

"सोसायटीत धंद्याला परवानगी नाही."

"विकणार नाहीये. आणि सेक्रेटरी, वाटेतून जरा उत्तरेला सरका, त्यांचा पाय चिरडेल."

फ्रीझर गॅलरीत बसला. त्यावर कोन चाटणाऱ्या मुलाचं स्टिकर तसंच राहिलं. आत बाईंनी ट्रे ठेवले, ट्रेमध्ये माती, मातीवर चार बोटं पाणी, वर ट्यूबलाइट. वर्षातून काही महिने त्या आत कडाक्याचा हिवाळा करायच्या. मग काटा हळूहळू फिरवत वसंत आणायच्या. आमचा पावसाळा हा त्यांचा हिवाळा. नवरात्राच्या सुमारास फ्रीझरमध्ये बर्फ वितळायचा दिवस यायचा आणि त्या दिवशी बाई शिरा करून शेजारी वाटायच्या. शिरा देताना अंगात स्वेटर असे. ऑक्टोबरचं ऊन, आपल्या कपाळावर घामाच्या धारा, आणि दारात स्वेटर घातलेल्या बाई. "पाहुणीसमोर अर्ध्या बाह्यांचं जाऊ कशी? तिला वाटेल, उन्हाळा आला."

त्यांच्याकडे काम करायला दिवा गावाहून एक बाई यायची. तिच्या चाळीत नळाला दिवसाआड पाणी. ती फरशी पुसता पुसता म्हणायची, "आमच्याकडं माणसांना प्यायला नाय, आणि तुमचं गवत गार पानी पितंय."

"म्हणून तुला रोज दोन कॅन भरून देते ना गं?"

"देता ना. मी कुठं नाय म्हटलं? मी गवताला बोलते."

शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की बाई पिशवी घेऊन मासळी बाजारात. बाई शाकाहारी. नाकाला पदर लावून कोळणींच्या रांगेत उभ्या राहायच्या आणि फक्त बर्फ मागायच्या. एक म्हातारी कोळीण त्यांची वाट बघायची, चेष्टा करायला. "काय गो बाय, म्हावरा नको न् नुसता बरफ? बरफाचा कालवन करतंस का?" बाई शांतपणे सांगायच्या, "माझ्याकडे पाहुणी आहे, तिला उकडतं." पुढे पुढे ती कोळीणच वीज गेली की त्यांच्यासाठी बर्फाची लादी बाजूला काढून ठेवायला लागली.

एवढं करून फूल येत नव्हतं. वर्षं गेली. पानं यायची, पाण्यावर तळहातासारखी पसरायची, आणि बस्स. आम्ही टोमणे मारायचो. मी सगळ्यात जास्त. "काय बाई, पाहुणी बोलली का काही?"

"पाहुण्यांना आल्या आल्या गायला सांगू नये, सेक्रेटरी."

मग एका वर्षी नवरात्र संपता संपता बाईंनी माझं दार वाजवलं. त्यांना धाप लागलेली मी पहिल्यांदाच पाहिली. "कळी," एवढंच म्हणाल्या. मी वर गेलो. पानांमध्ये वाटाण्याएवढी हिरवी गाठ होती. बाई काचेवर तळहात टेकून उभ्या होत्या. "आठ दिवस," म्हणाल्या. "फार तर दहा. मग तुम्हाला टुंड्रा दाखवते."

त्याच आठवड्यात पहिल्या मजल्यावरची मुलगी तापाने फणफणली. डेंग्यू निघाला. प्लेटलेट झरझर उतरल्या आणि तिला हॉस्पिटलात ठेवलं. शाळेत जाणारी, जिन्यात दोरीच्या उड्या मारणारी मुलगी. तिचे वडील एरवी मान खाली घालून जाणारा माणूस, पण त्या दिवसांत त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं.

आता मी कोण होतो तेही सांगायला हवं. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच मी जिन्यात आणि पार्किंगमध्ये फलक लावला होता, घरात पाणी साचू देऊ नये, साचल्यास नाव जाहीर करण्यात येईल. खाली माझी सही. दोन घरांतल्या कुंड्यांखालच्या बशा मी स्वतः उचलून फेकल्या होत्या. त्यामुळे आरोग्य खात्याची मुलगी बॅटरी आणि पाणी तपासायचा पांढरा मग घेऊन आली तेव्हा मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "सुरुवात माझ्याच घरापासून करा."

बायको माहेरी गेली होती. घरात मी आणि ती तपासणीवाली. तिने कुंड्या पाहिल्या, बादल्या पाहिल्या. सगळं कोरडं. मी खूश. मग ती म्हणाली, "काका, फ्रिज जरा पुढे ओढा."

फ्रिजच्या मागे खाली एक ट्रे असतो आणि बर्फाचं वितळलेलं पाणी त्यात साठतं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. तिने बॅटरी मारली. "बघा काका. कशा नाचतायत."

मी वाकून पाहिलं. गढूळ कोमट पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. भरपूर. आमच्या बरोबर खाली त्या मुलीचं घर.

"ओतून टाका," मी म्हणालो. "इथल्या इथे संपवा. कोणाला बोलू नका. मी सेक्रेटरी आहे हो."

"घाबरू नका काका, पुष्कळ घरांत फ्रिजच्या मागेच निघतात," ती म्हणाली. तिने ट्रे मोरीत उलटा केला, हातातला मग झटकला, आणि आम्ही वर गेलो.

बाईंकडे तिने फ्रीझरचं झाकण सरकवलं, पाण्यात हात घातला आणि "आई गं!" करून बाहेर काढला. नीट बघितलं, दोनदा मग बुडवला. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. "बाई, इथे डास यायचा तर त्याला स्वेटर लागेल," ती म्हणाली. बाईंना हे इतकं आवडलं की त्यांनी तिला डबा उघडून दोन लाडू दिले. हे सगळं माझ्या देखत झालं. मी शेजारी उभा होतो.

संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये सभा भरली. बोलावली कोणी नव्हती, भरली. कोणीतरी म्हणालं, "वर तळं आहे तळं, आणि आपण गटारं शोधतोय." मग सगळेच बोलायला लागले. मुलीचे वडील हॉस्पिटलातून थेट आले होते, हातात अजून औषधांची पिशवी होती.

"मॅडम, माझी पोरगी सलाईनवर आहे. आणि तुम्ही इथे पाणी पाळताय?"

बाई उठून उभ्या राहिल्या. त्या दिवशी दिशांची भाषा नव्हती. "तुमची मुलगी जिन्यात माझ्याकडून राजधान्या पाठ करून घेते," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे तिला काही झालं असतं तर मी तो फ्रीझर आत्ता स्वतः फोडला असता. पण बर्फाच्या पाण्यात अळी होत नाही. आज तपासणी झालीय. सेक्रेटरी बरोबर होते." मग माझ्याकडे वळल्या. "सेक्रेटरी, कुठे काय निघालं ते सांगा सगळ्यांना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ते वडीलही. माझ्या सहीचा फलक त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर होता. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "बाई, सगळ्यांच्या भावनांचा विचार करावा लागेल."

झालं. सोसायटीत काम केलेल्या कोणालाही या वाक्याचा अर्थ ठाऊक आहे. फ्रीझर दुसऱ्या दिवशी रिकामा करायचा असं ठरलं. बाईंनी आठ दिवस मागितले, कळी आहे म्हणाल्या, तेव्हा कोणीतरी मागून हसलं. बाई माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या. रागाने नाही. एखाद्या हुशार समजलेल्या मुलाचा पेपर कोरा निघावा तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून जिन्यात बादल्यांचा आवाज येत होता. बाई आणि ती दिव्याची कामवाली, दोघी मिळून ते गार पाणी खाली नेऊन आवारातल्या बदामाच्या झाडाला घालत होत्या. कामवाली मोठ्याने बोलत होती. "पान्याला कधी कोण फाशी देतं का? आमच्याकडं आना म्हनावं, दाखवते." मी दार लावून आत बसलो होतो.

पाहुणीला बाईंनी पातेल्यात ठेवलं, भोवती बर्फ. कोळणीने लाद्या पाठवल्या. आणि तशा त्या पातेल्यात एका सकाळी ते फूल उमललं. बाईंनी इमारतीतलं एकेक दार वाजवलं. "फूल आलंय. बघायला या. पाणी नाहीये, नुसता बर्फ आहे." फारसं कोणी गेलं नाही. माझं दार वाजलं तेव्हा मी आतून म्हणालो, अंघोळ चाललीय.

पहिल्या मजल्यावरची मुलगी तोवर बरी होऊन घरी आली होती. तिची आई तिला धरून वर घेऊन गेली, नवऱ्याला न सांगता. जिना उतरताना ती मुलगी आईला सांगत होती, ते मी दाराआडून ऐकलं. "आई, तूप लावल्यासारखं चमकतं गं. पाच पाकळ्या, मी मोजल्या." ते फूल मी पाहिलेलं नाही. मला माहीत आहे ते एवढंच, त्या मुलीच्या शब्दांतलं. आठवड्याभरात ठाण्याच्या उकाड्याने पाहुणी काळी पडली.

नाव मात्र टिकलं. आधी पोरांनी ठेवलं, मग मोठ्यांच्या तोंडी बसलं, मग भाजीवाल्याच्याही. बाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण त्या जिन्यात थांबून हवामान सांगेनाशा झाल्या. पुढे भाच्याने बाळकुमला नव्या टॉवरमध्ये घर घेतलं, तिकडे गेल्या. टेम्पोत चढवताना पाहिलं, फ्रीझर बरोबर होता.

तेव्हापासून दर रविवारी मी फ्रिज पुढे ओढतो आणि ट्रे धुऊन पुसतो. बायको कौतुकाने सगळ्यांना सांगते, निवृत्त झाल्यावर ह्यांना घरकामाची गोडी लागली.

गेल्या वर्षी एका रविवारी ट्रे पुसून झाल्यावर मी कपडे केले आणि बाळकुमला गेलो. रिक्षात बसून एक वाक्य घोकत होतो. गेटवरच्या पोराने विचारलं, "अंकल, काय काम?" मी म्हणालो, भेटायचंय. त्याने वर फोन लावला आणि मला पलीकडून बाईंचा आवाज ऐकू आला. "पाठव त्यांना. सांग, दुसरी लिफ्ट, पश्चिमेची."

बाई वाकल्या होत्या, पण चहा त्यांनी स्वतः केला. फ्रीझर खिडकीखाली होता. कोन चाटणाऱ्या मुलाचा रंग उडून गेला होता. "त्यात आता काय ठेवता?" मी विचारलं.

"गोधड्या. थंडीच्या वस्तू एका ठिकाणी असाव्यात."

इकडचं तिकडचं झालं. चौथ्या मजल्यावरचा कमी दाबाचा पट्टा अजून आहे का, याची त्यांनी चौकशी केली. पहिल्या मजल्यावरची मुलगी आता कॉलेजात आहे, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं. ती त्यांना फोन करायची. मी कप खाली ठेवला. वाक्य जिभेवर आणलं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तुमचा फ्रिज कसा आहे, सेक्रेटरी?"

मी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला.

"ती तपासणीवाली मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिची बाही ओली होती," बाई कपातला चहा ढवळत म्हणाल्या. "आणि ती तुमच्या घरातून आली होती. नदीचा उगम कुठे हे शिकवण्यात जन्म गेला हो माझा."

"तुम्हाला तेव्हाच..." मी म्हणालो.

"तेव्हाच. ती लाडू खात होती तेव्हाच."

"मग सभेत बोलला का नाहीत?"

"मी तुम्हाला विचारलं होतं ना," बाई म्हणाल्या. "उत्तर ज्याला येतं त्यालाच उभं करायचं असतं."

आता सांगायला काही उरलं नव्हतं आणि तरी सगळं सांगायचं होतं. कळलेलं असणं वेगळं आणि माझ्या तोंडून येणं वेगळं, हे मला त्या खोलीत लख्ख कळत होतं. त्याही वाट बघत होत्या. ढवळायचं थांबवून, चमचा बशीत ठेवून वाट बघत होत्या. मी म्हणालो, "फ्रिज चांगला आहे. ट्रे दर रविवारी मीच धुतो."

"छान," बाई म्हणाल्या. कप उचलून आत घेऊन गेल्या.

दारापर्यंत सोडायला आल्या. मी नेहमीप्रमाणे चुकीच्या दिशेला वळलो. "पश्चिमेला, सेक्रेटरी," त्यांनी मागून सांगितलं. लिफ्टचं दार मिटताना त्या चौकटीला धरून उभ्या होत्या. पुन्हा येऊ, पुढच्या महिन्यात येऊ, नीट बसून सांगू, असं म्हणत मी खाली उतरलो. नंतर थेट तो निरोपच आला.

हा लेख मी आधी त्याच ग्रुपवर टाकणार आहे. नाव बदलायचं तर तिथेच बदलायला हवं. पण कोपरी ते बाळकुम रिक्षात घोकलेलं ते वाक्य ज्यांच्यासाठी होतं त्यांच्यापर्यंत काही पोचलं नाही. लांबलचक नव्हतं. एवढंच होतं: बाई, अळ्या माझ्या घरात होत्या, तुमचं पाणी स्वच्छ होतं, मला माफ करा.